चाखणे आणि जोखणे : घरच्या घरी मद्याची पारख

व्हिस्की, रम, ब्रँडी, जिन, टकीला किंवा काजूची फेणी, यांपैकी कोणतेही मद्य घेतले तरी बाटलीत पाणी आणि अल्कोहोल हेच जवळजवळ सगळे असते. साखर न घातलेल्या मद्यात बाकीचे घटक एक टक्काही भरत नाहीत. तरीही एक मद्य दुसऱ्यापासून वेगळे ठरते ते या घटकांमुळेच. मद्याची पारख म्हणजे हा एवढासा अंश ओळखणे, तो कुठून आला असेल याचा माग काढणे आणि सगळ्याचा मेळ कितपत जमला आहे ते ठरवणे. हे घरी करता येते. त्यासाठी बेताचे पेले, साधे पाणी, वही आणि शिस्त पुरे. शिस्तीची गरज अशासाठी, की नाक आणि जीभ एरवी पक्की असली तरी किंमत, रंग, बाटलीचा थाट आणि लेबलावरचे वय यांना ती सहज भुलतात.

चव येते कुठून

चवीचे उगम ढोबळमानाने चार आहेत. पहिला कच्चा माल. स्कॉटलंडमधील माल्ट व्हिस्की सातूला मोड आणून, ते वाळवून केली जाते. काही ठिकाणी ते वाळवताना पीट जाळतात. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षे साचत गेलेला अर्धवट कुजलेला पालापाचोळा. त्याच्या धुरातील फिनॉल वर्गाची संयुगे धान्याला चिकटतात आणि थेट पेल्यापर्यंत येतात. आयला बेटावरच्या लाफ्रॉइग आणि आर्डबेग या व्हिस्कींना येणारा धुराचा आणि आयोडीनचा वास हा त्यांचाच. धुराचे प्रमाण पीपीएममध्ये, म्हणजे दशलक्षात किती भाग असे, सांगतात, पण तो आकडा वाळवलेल्या धान्यातला असतो. बाटलीत पोहोचेपर्यंत त्यातला बराच भाग गळून जातो.

दुसरा उगम आंबवण्याचा. यीस्ट साखरेचे अल्कोहोल करताना एस्टर नावाची फळांच्या वासाची संयुगेही तयार करते. पिकलेल्या केळ्याचा वास देणारे आयसोअमाइल अ‍ॅसिटेट त्यातलेच. तिसरा उगम भट्टीचा. तांब्याच्या भांड्यात गंधकाची उग्र संयुगे तांब्याला धरून राहतात आणि मद्य स्वच्छ होते. भांड्याची भट्टी वास राखते, तर उंच स्तंभाची भट्टी अल्कोहोल जास्त शुद्ध करते आणि वास कमी ठेवते. चौथा उगम लाकडी पिंपाचा. भट्टीतून निघालेले मद्य पाण्यासारखे पारदर्शक असते. ओकच्या पिंपात राहून त्याला रंग येतो, व्हॅनिलाचा, खोबऱ्याचा आणि लवंगेचा वास येतो. लवंगेतले युजेनॉल ओकच्या लाकडातही असते, तेव्हा हा वास कल्पनेतला नव्हे.

पिंपातल्या काळाचा हिशेब हवामानावर ठरतो. स्कॉटलंडमध्ये पिंपातून वर्षाला साधारण दोन टक्के मद्य उडून जाते. बंगळुरूमधील अमृत किंवा गोव्यात कुंकळ्ळी येथील पॉल जॉन यांच्या गोदामांत ही घट कित्येक पटींनी जास्त असते, आणि उष्णतेमुळे लाकडातले गुणही लवकर उतरतात. म्हणून भारतीय सिंगल माल्ट तरुण असूनही मुरलेली लागते. उलट स्कॉटलंडमधील पंचवीस वर्षांची व्हिस्की दमलेल्या, वारंवार वापरलेल्या पिंपात राहिली असेल, तर ती फिकी निघू शकते. लेबलावरचे वय मिश्रणातल्या सर्वांत तरुण मद्याचे असते. तो कालावधी झाला, दर्जाची हमी नव्हे.

तयारी

पेला तळाशी फुगीर आणि तोंडाशी निमुळता असावा. फुगीर भागात वास साठतो आणि अरुंद तोंडातून तो एकत्र नाकाशी येतो. २००१ पासून बाजारात असलेला ग्लेनकेर्न पेला याच आकाराचा आहे. तो नसेल तर वाइनचा लहान पेला चालतो. रुंद तोंडाचा जाड बुडाचा व्हिस्की ग्लास बर्फासाठी सोयीचा आहे, पण त्यात वास चहूकडे पसरतो आणि तुलना करता येत नाही. सगळे पेले एकाच आकाराचे असावेत. साबणाचा आणि कपाटाचा वास जाईपर्यंत ते साध्या पाण्याने विसळून घ्यावेत.

वेळ जेवणाआधीची बरी. पोट अगदी रिकामे नसावे, तोंडात मात्र मसाल्याची चव नसावी. स्वयंपाकघरात फोडणी चालू असताना, उदबत्ती लावलेल्या खोलीत किंवा अत्तर लावून केलेली पारख वाया जाते. चिवडा, मसाला शेंगदाणे, तळलेली डाळ हा चकणा नंतरसाठी ठेवावा. दोन नमुन्यांच्या मध्ये साधे पाणी आणि पावाचा तुकडा एवढेच घ्यावे. तापमान वीस अंशांच्या आसपास असावे. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात खोलीचे तापमान चाळिशीकडे गेले की अल्कोहोलची वाफ नाकाला झोंबते आणि बाकीचे वास दबून जातात. अशा वेळी बाटली थोडी थंड करून घेणे योग्य. फ्रीझरमध्ये मात्र ठेवू नये, कारण गारठ्यात वास बसून जातो आणि त्याबरोबर दोषही लपतात.

एका बैठकीत चार नमुने पुरेत, आणि प्रत्येकी १५ मिलि. याचा हिशेब आधी मांडावा. चार वेळा १५ म्हणजे ६० मिलि, म्हणजे एक मोठा पेग. भारतात बहुतेक मद्य ४२.८ टक्के तीव्रतेचे असते. जुन्या ब्रिटिश मोजणीतील ७५ अंश प्रूफ ते हेच. त्या ६० मिलित सुमारे २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते, म्हणजे जागतिक आरोग्य संघटना वापरते त्या १० ग्रॅमच्या मापाने दोन प्रमाण पेये. व्यावसायिक परीक्षक घोट थुंकतात, आणि घरीही टेबलावर एक रिकामा मग ठेवायला हरकत नाही. तिसऱ्या-चौथ्या नमुन्यापर्यंत अल्कोहोल रक्तात गेले की न्यायबुद्धी उदार होते आणि शेवटच्या पेल्याला फुकटचे गुण मिळतात. महाराष्ट्रात कडक मद्यासाठी वयाची अट २५ वर्षांची आहे आणि बाळगण्या-पिण्यासाठी परवाना लागतो. मद्य घेऊन वाहन चालवायचे नाही, हे बैठक ठरवतानाच पक्के असावे.

डोळे आणि नाक

आधी रंग पाहण्याचा रिवाज आहे, पण रंगाची साक्ष कच्ची असते. स्कॉच व्हिस्कीच्या २००९ च्या नियमांनुसार त्यात पाणी आणि साधा कॅरमेल रंग एवढेच मिसळता येते. म्हणजे रंग घालायला मुभा आहे, आणि गडद सोनेरी छटा पिंपातून आली की डबीतून हे डोळ्यांना कळत नाही. त्यापेक्षा उपयोगी खूण पाणी घातल्यावर दिसते. साधारण ४६ टक्क्यांखाली आणलेली, थंड करून न गाळलेली व्हिस्की पाण्याने किंवा बर्फाने किंचित धुरकट होते, कारण मोठ्या रेणूंची एस्टर अल्कोहोल कमी झाले की विरघळून राहत नाहीत. हा दोष नव्हे. अनेक उत्पादक ४६ टक्क्यांवर बाटली भरतात आणि थंड गाळणी टाळतात, ती याच घटकांना राखण्यासाठी. पॉल जॉनच्या नेहमीच्या सिंगल माल्ट अशाच येतात.

खरे काम नाकाचे. जीभ गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी एवढ्यापुरतीच, बाकी ज्याला चव म्हणतात ते बहुतांशी वास असतात. वाइनसारखे नाक पेल्यात खुपसून जोरात ओढायचे नाही. चाळीस टक्क्यांपुढच्या अल्कोहोलची वाफ घ्राणपेशींना बधिर करते. पेला आधी हनुवटीच्या उंचीवर धरावा, तोंड किंचित उघडे ठेवावे आणि हळूहळू वर आणावा. जिथे टोचणी सुरू होते त्याच्या अलीकडे थांबावे. दोन-तीन लहान श्वास, मग विश्रांती. पेला जोराने घुसळण्याची गरज नाही, हलकेच एकदा फिरवला तरी पुरे.

नाक एकाच वासाला लवकर सरावते आणि मग तो वास जाणवेनासा होतो. त्यावर सोपा उपाय आपल्याच मनगटाचा किंवा सदऱ्याच्या बाहीचा वास घेण्याचा. रोजच्या ओळखीच्या वासाने नाक पुन्हा मोकळे होते. ओतल्यावर पाच-सात मिनिटे पेला तसाच ठेवला तर सुरुवातीची उग्रता कमी होते आणि मागचे वास पुढे येतात. म्हणून एकाच नमुन्याची नोंद दोनदा करावी, ओतल्यावर लगेच आणि नंतर थोड्या वेळाने.

पाण्याबद्दल हटवाद बराच आहे. चांगल्या मद्यात पाणी घालणे म्हणजे ते बिघडवणे, असे मानणारे पुष्कळ. पण व्हिस्कीचे मिश्रण ठरवणारे ब्लेंडर नमुने वीस टक्क्यांच्या आसपास पातळ करूनच हुंगतात. याचे एक कारण २०१७ मध्ये स्वीडनमधील लिनेयस विद्यापीठातील ब्योर्न कार्लसन आणि रान फ्रीडमन यांनी संगणकीय प्रतिकृतीतून दाखवले. धुराचा वास देणारा ग्वायकॉल हा रेणू ४५ टक्क्यांपर्यंतच्या मिश्रणात पृष्ठभागाजवळ राहतो, तर ५९ टक्क्यांवर अल्कोहोलचे रेणू त्याला घेरून आत ओढतात. पृष्ठभागावर असलेला वासच नाकाला मिळतो.

घरी हा हिशेब सोपा आहे. ४२.८ टक्क्यांचे १५ मिलि मद्य ३० टक्क्यांवर आणायला सव्वा चमचा, म्हणजे सहा-साडेसहा मिलि पाणी लागते. २० टक्क्यांवर आणायला सतरा मिलि. साठ टक्क्यांची, थेट पिंपातून भरलेली व्हिस्की ४० टक्क्यांवर आणायला मद्याच्या निम्मे पाणी. पाणी थेंबाथेंबाने घालत जावे आणि प्रत्येक टप्प्याला वास घ्यावा. क्लोरीनचा वास येणारे नळाचे पाणी चालत नाही. उकळून गार केलेले किंवा कमी क्षारांचे बाटलीतले घ्यावे. एका मद्याला पाणी घातले तर तुलनेतल्या सगळ्यांना त्याच प्रमाणात घालावे, नाहीतर ती तुलनाच राहत नाही.

तोंडात

पहिला घोट न्यायासाठी धरू नये. तोंड ज्या धक्क्याने मिरमिरते तो अल्कोहोलचाच असतो. उष्णता ओळखणारे चेतातंतूंचे ग्राहक अल्कोहोलमुळे नेहमीच्या शरीरतापमानालाही उद्दीपित होतात, म्हणून थंड व्हिस्कीही घशात जळते. अर्ध्या चमच्याचा पहिला घोट तोंडभर फिरवून सोडून द्यावा आणि पारख दुसऱ्या घोटापासून सुरू करावी.

दुसरा घोट आठ-दहा सेकंद तोंडात राहू द्यावा. तीन गोष्टी क्रमाने तपासाव्यात. सुरुवातीला काय जाणवते, बहुधा गोडसरपणा. मग मधला भाग : मसाले, फळे, धान्य, लाकडाचा तुरटपणा. आणि त्याच्याच बरोबर पोत : मद्य तोंडात पाण्यासारखे सरकते, तेलकट वाटते की चिकटते. गिळल्यावर किंवा थुंकल्यावर तोंड मिटून नाकाने श्वास बाहेर सोडावा. तोंडातून घशामागच्या वाटेने नाकात जाणारा वास इथे सापडतो, आणि पेल्यातून आलेल्या वासापेक्षा तो पुष्कळदा वेगळा निघतो.

शेवट मोजण्यासाठी घड्याळ लावायला हरकत नाही. चव दहा सेकंदांत विरली तर शेवट आखूड, मिनिटभर टिकली तर लांब. नुसता लांब म्हणजे चांगला असे मात्र नाही. कडवट लाकडाची चव दोन मिनिटे टिकली तर तो दोषच. उरणारी चव आधीच्या चवींशी जुळते का, हा खरा प्रश्न.

नोंदीचे शब्द

स्कॉच व्हिस्कीच्या वासांचे वर्गीकरण करणारे चक्र १९७९ मध्ये पेंटलंड्स संशोधन संस्थेतील तज्ज्ञांनी तयार केले. मधल्या वर्तुळात मोठे वर्ग आणि बाहेर त्यांचे बारीक फाटे अशी त्याची रचना आहे, आणि पुढच्या बहुतेक चक्रांचा तोच नमुना राहिला. त्यातली पद्धत घेण्यासारखी आहे : आधी मोठा वर्ग ठरवायचा, फळ की धूर की मसाला, आणि मगच फाट्याकडे जायचे. त्यातले शब्द मात्र स्कॉटलंडच्या स्वयंपाकघरातले आणि रानातले आहेत. हेदर किंवा गूजबेरी कधी न पाहिलेल्याने ते शब्द नोंदीत लिहिले तर ती नक्कल होते. मराठी घरात गंधांचा साठा काही कमी नाही : काकवी, गूळ, खारीक, मनुका, जायफळ, वेलदोडा, सुके खोबरे, भाजलेला रवा, आमसूल, कापूर, चुलीचा धूर, पहिल्या पावसाची माती, जुन्या वहीचा कागद, टिंक्चर आयोडीन. हे वास आठवणीत पक्के असल्यामुळे नोंदही खरी उतरते.

सरावासाठी लवंग, मनुका, व्हॅनिला इसेन्स, सुके खोबरे, काकवी आणि किंचित जाळलेली साखर सहा झाकणाच्या बाटल्यांत ठेवावी आणि डोळे मिटून ओळखावी. ओळखीचा वास नाव आठवल्याशिवाय नुसता घोटाळत राहतो, हे यात चटकन लक्षात येते. नंतर ओल्ड मंकचा पेला घ्यावा. मोहन मीकिनची ही रम १९५४ पासून विकली जाते आणि मराठी घरांत तिचा परिचय जुना आहे. पाण्याशिवाय हुंगली तर व्हॅनिला आधी येते, इतकी ठळक की तिच्यामागे दुसरे काही आहे असे वाटत नाही. सव्वा चमचा पाणी घालून पाच मिनिटे थांबले की व्हॅनिला मागे सरते आणि जाळलेल्या साखरेचा, मनुकांचा वास वर येतो. मग तोंडात गोडवा किती आणि शेवटी कडसरपणा किती, एवढे दोन प्रश्न लिहिले तरी नोंद पुरी होते. कोलाने भरलेल्या पेल्यात यातले काहीच हाती लागत नाही.

प्रत्येकाची मोजपट्टी वेगळी

सगळ्या मद्यांना एकाच फूटपट्टीने मोजणे अन्यायाचे आहे. स्कॉच किमान तीन वर्षे ओकच्या पिंपात राहिलेली असते. ते पिंप आधी बहुधा बर्बन किंवा शेरी यांसाठी वापरलेले असते, म्हणून तिच्यात संयमित लाकूड आणि भट्टीचे स्वतःचे रूप शोधायचे. अमेरिकन बर्बनमध्ये निदान ५१ टक्के मका आणि नवे, आतून जाळलेले ओकचे पिंप सक्तीचे आहे, त्यामुळे व्हॅनिला आणि कॅरमेल ठळक असणे हा तिचा धर्मच. भारतात विकल्या जाणाऱ्या स्वस्त व्हिस्कींच्या मिश्रणात मळीपासून केलेले शुद्ध अल्कोहोल मोठ्या प्रमाणात असते. धान्याचाच आधार मागणाऱ्या युरोपीय कायद्यात त्यांना व्हिस्की म्हणता येत नाही. अशा मद्यात धान्याची चव शोधत बसू नये, मऊपणा आणि स्वच्छपणा एवढेच तपासावे. भारतीय सिंगल माल्टची गोष्ट वेगळी. अमृतची सिंगल माल्ट २००४ मध्ये ग्लासगोत पहिल्यांदा विक्रीला आली, आणि तिला जगातल्या कोणत्याही माल्टच्या रांगेत ठेवून जोखता येते.

रममध्ये कच्चा माल बोलतो. मळीच्या रममध्ये काकवीचा गडदपणा असतो, मार्टिनिकच्या रममध्ये ताज्या उसाच्या रसाचा हिरवट, गवताळ वास, आणि जमैकाच्या काही रममध्ये अति पिकलेल्या अननसाचा भपकारा. रमला गोडी लावण्याची चाल जुनी आहे. युरोपीय नियमांनी आता लिटरला २० ग्रॅमची मर्यादा घातली. घरी अंदाज घ्यायचा तर काही थेंब बशीत वाळू द्यावेत. चिकट थर राहिला तर साखर असण्याची शंका घ्यावी. अल्कोहोल मोजण्याची काचेची नळीही उपयोगी पडते : साखरेमुळे घनता वाढून ती लेबलापेक्षा कमी टक्के दाखवते.

कोन्याक या फ्रेंच ब्रँडीत वयाचे दर्जे कायद्याने ठरलेले आहेत. व्हीएसओपी किमान चार वर्षांची, एक्सओ २०१८ पासून किमान दहा वर्षांची. तिच्यात द्राक्षाचा सुगंध, फुले आणि जुन्या लाकडाचा मेळ पाहायचा. जिनचा कणा जुनिपरचा. तो दबून लिंबाची साल किंवा मसालेच वर आले तर जिनचे गुण कमी करावेत. गोव्यात तयार होणाऱ्या हपुसा जिनमध्ये हिमालयातले जुनिपर वापरतात, आणि परदेशी जिनशेजारी ठेवून फरक पाहण्यासारखा आहे. टॉनिकशिवाय, तिप्पट पाण्यात पातळ करून जिन हुंगली की घटक सुटे होतात. व्होडकाची परीक्षा उणिवांची : खोलीच्या तापमानाला किती बोचते, मागे कडवटपणा सोडते का. टकीला निळ्या अगेव्हेच्या भाजलेल्या गाभ्यापासून होते, आपल्याकडे शेताच्या बांधावर दिसणारा घायपात त्याच कुळातला. ब्लांको टकीलात ती वनस्पती स्पष्ट कळली पाहिजे. किमान दोन महिने पिंपात ठेवलेल्या रेपोसादोत आणि किमान वर्षभर ठेवलेल्या अन्येहोत लाकडाचा वाटा वाढत जातो.

काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. बोंडांच्या रसाला आंबवून पहिल्यांदा ऊर्ध्वपातन केले की हलका हुर्राक मिळतो, आणि तो पुन्हा भट्टीत चढवला की फेणी. तिचा वास नवख्याला उग्र वाटतो, पण तो दोष नाही. पिकलेल्या बोंडाचा फळगंध त्या उग्रतेमागे स्पष्ट यायला हवा, आणि चव तुरट न होता कोरडी संपायला हवी. व्हिस्कीच्या सवयीने फेणीत व्हॅनिला शोधणाऱ्याला ती कधीच आवडणार नाही, कारण पिंपाशी तिचा मुळातच संबंध नसतो. मोहाच्या फुलांच्या मद्यालाही हाच न्याय लावावा : फुलांचा गोड, किंचित धुरकट वास ही त्याची ओळख.

दोष, आणि नाकाची मर्यादा

गुणांपेक्षा दोष ओळखणे सोपे, कारण त्यांचे वास ठरीव आहेत. जळलेली काडी, रबर किंवा कुजलेले अंडे आठवले तर गंधक राहिले. नेलपॉलिश काढण्याच्या द्रवाचा वास म्हणजे एथिल अ‍ॅसिटेटचा अतिरेक. लोकांत पहिल्या धारेला मोठा मान आहे, पण भट्टीवाला जाणता असेल तर सुरुवातीची धार बाजूला काढतो, कारण हे आणि असेच हलके, बोचरे घटक तिच्यातच जास्त असतात. उलट शेवटची धार उशिरापर्यंत घेतली तर घामट, ओल्या चामड्यासारखा वास येतो. ओल्या पुठ्ठ्याचा कोंदट वास बुचाच्या दोषाचा. खूप काळ पिंपात राहिलेल्या मद्यात चहाच्या उकळलेल्या पत्तीसारखा तुरटपणा उतरतो.

पण मद्य विषारी आहे का, हे नाकाला आणि जिभेला कळत नाही. मिथेनॉलचा वास आणि चव साध्या अल्कोहोलपासून वेगळी ओळखता येत नाही, आणि पेटवून ज्योतीचा रंग पाहण्याची परीक्षाही भरवशाची नाही. मुंबईत मालवणी येथे जून २०१५ मध्ये विषारी दारूने शंभरहून अधिक माणसे मेली. म्हणून पारखीसाठी आणलेले मद्य परवानाधारक दुकानातले आणि सीलबंदच असावे. घरी भट्टी लावणे हा गुन्हाही आहे आणि धोकाही.

झाकून चाखणे

बोर्दोमध्ये २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पांढऱ्या वाइनमध्ये वासरहित लाल रंग मिसळून ती ५४ विद्यार्थ्यांना दिली गेली. ते वाइनशास्त्रच शिकत होते, तरी त्यांनी तिचे वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केले. डोळ्यांनी नाकाला दिलेल्या या हुकमावर उपाय एकच : बाटली झाकणे.

घरी त्यासाठी दोन माणसे पुरतात. पहिल्याने दुसऱ्या खोलीत मद्य ओतायचे, पेल्याच्या बुडाला चिठ्ठी चिकटवायची आणि निघून जायचे. दुसऱ्याने पेल्यांचा क्रम बदलून ते चाखणाऱ्यांपुढे ठेवायचे. मग कोणता पेला कोणाचा हे टेबलावर कोणालाच माहीत नसते, आणि ओतणाऱ्याच्या चेहऱ्यावरून अंदाजही बांधता येत नाही. रंगाने ओळख पटत असेल तर पेल्यांना कागद गुंडाळावा. धुराची आणि जास्त टक्क्यांची मद्ये ओतणाऱ्याने वेगळी ठेवावीत आणि ती शेवटी घ्यावीत, कारण त्यांच्यानंतर हलके मद्य फिके वाटते. बाकीच्यांचा क्रम प्रत्येकासाठी वेगळा ठेवावा.

दोन मद्यांत फरक कळतो का, हे पाहण्यासाठी त्रिकोणी चाचणी घ्यावी. तीन पेले, दोनांत एक मद्य आणि तिसऱ्यात दुसरे. वेगळा पेला ओळखायचा. नुसत्या अंदाजाने तीनात एकदा उत्तर बरोबर येते. सहा चाचण्यांत पाच उत्तरे बरोबर आली, तर ते नशिबाने घडण्याची शक्यता दोन टक्क्यांहून कमी. चार बरोबर आली तर ती दहा टक्के, म्हणजे पुरावा अजून कच्चा. प्रत्येक पेल्यात पाच मिलि पुरतात. तरी सहा चाचण्या दोन दिवसांत वाटून घ्याव्यात. सहा हजारांच्या बाटलीत आणि दोन हजारांच्या बाटलीत फरक आहे असे ठामपणे सांगणाऱ्यांनी ही चाचणी एकदा द्यायला हवी.

गुण देताना

जिम मरे यांच्या व्हिस्की बायबल या वार्षिक ग्रंथात वास, चव, शेवट आणि तोल यांना प्रत्येकी २५ असे शंभर गुण असतात. घरासाठी ही विभागणी पुरेशी आहे. मात्र गुण देण्याआधी वर्णन लिहून झालेले असावे, कारण आकडा एकदा मनात आला की पुढचे शब्द त्याच्या समर्थनासाठी येतात. प्रत्येकाने गप्प बसून लिहावे आणि सगळ्यांचे लिहून झाल्यावरच बोलावे. टेबलावर एकाने 'केळे' म्हटले की बाकीच्यांनाही केळेच लागते. आवड आणि दर्जा यांच्यासाठी वेगळे रकाने ठेवावेत : धुराची चव न आवडणारा माणूसही धुराची व्हिस्की नीट जमली आहे की नाही हे सांगू शकतो.

बाटली उभी आणि अंधारात ठेवावी. वाइनसारखी आडवी ठेवली तर तीव्र अल्कोहोल बूच खाते. निम्म्याहून रिकामी झालेली बाटली काही महिन्यांत हवेने बदलते, म्हणून पुन्हा चाखायचे मद्य लहान बाटलीत काठोकाठ भरून ठेवावे. महिन्याभराने तेच मद्य पुन्हा झाकून चाखावे आणि जुने गुण न पाहता नवे द्यावेत. एकाच मद्याच्या दोन वेळच्या गुणांत पाचाचा फरक पडला, तर त्या माणसाच्या नाकाच्या गुणांत पाचाचा फरक सहज पडू शकतो. मग त्याच्या वहीत ८६ आणि ८९ गुणांची दोन मद्ये एकाच तोलाची धरावीत, आणि त्यांतली स्वस्त असेल ती घ्यावी.